खंडेनवमीला सुरू झाली, दसऱ्याला अडली: सहा वर्षं उभ्या राहिलेल्या फियाटचं प्रकरण

२ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याची सकाळ. राजारामपुरीतून एका तरुणाचा फोन आला. "काका, काल झकास चालू झालेली गाडी आज धरतच नाही. सेल्फ फिरतोय, पण नुसताच फिरतोय." त्यानं शेवटच्या प्रयत्नाचा व्हिडिओ पाठवला होता. मी चित्राकडे पाहिलंच नाही, फोन कानाला लावून आवाज ऐकला. चार सिलिंडरचं इंजिन सेल्फवर फिरताना एकसारखा ठेका धरतं, प्रत्येक दाबाला सेल्फ जरा अडतो आणि पुढं जातो. इथं एकदा अडत होता, मग मोकळा सुटत होता, आणि त्यात एक बारीक टकटक होती. मी उलट फोन केला आणि एवढंच सांगितलं, "आता किल्लीला हात लावू नकोस. मी येईपर्यंत गाडी तशीच ठेव." तोवर त्यानं दहा-बारा वेळा सेल्फ मारून झाला होता.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. कोल्हापुरात तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, लोखंडी ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि तिथून आठ पुश रॉड वर रॉकरपर्यंत जातात. कॅम फिरला की रॉड वर ढकलला जातो, आणि रॉकर व्हॉल्व दाबून उघडतो. ही रॉडची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं दुखणं शेवटी तिथंच निघालं.

गाडी ताईंच्या वडिलांची. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, घर शाहूपुरीच्या सखल भागात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरायला लागलं, तेव्हा शेजारच्या पोरांनी गाडी राजारामपुरीत उंचावर असलेल्या मावशींच्या घरी नेऊन लावली. पूर ओसरला. वडील त्या वर्षाअखेरीस गेले. पुढं लॉकडाऊन आला, आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली राहिली ती राहिलीच. डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांची वही होती. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहायची त्यांची शिस्त. शेवटची नोंद ३ ऑगस्ट २०१९, १० लिटर. जुन्या गाड्यांच्या कामात टाकीतलं पेट्रोल नेमकं किती दिवसांचं आहे हे इतकं स्वच्छ कळण्याचा योग मला क्वचितच आला आहे.

यंदा ताईंच्या भाच्याच्या, म्हणजे मला फोन करणाऱ्या त्या तरुणाच्या, मनात आलं की दसऱ्याला आजोबांची गाडी पूजेला दारात असावी. त्यानं जे केलं त्यातलं बरंचसं बरोबरच होतं. नवी बॅटरी बसवली, इंजिन ऑईल बदललं, प्लग काढून साफ केले, रेडिएटर भरला, ब्रेक पाहिले. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र काढलं नाही. त्यावर पाच लिटर नवं ओतलं. एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलं होतं की नवं मिसळलं की जुनं चालून जातं. खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला संध्याकाळी गाडी तिसऱ्या-चौथ्या सेल्फला धरली. पाऊण तास चालू ठेवली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, मावशींनी डोळे पुसले. सायलेन्सरमधून थोडा उग्र वास येत होता, तो सगळ्यांनी साठलेल्या धुळीवर ढकलला. गाडी बंद करून हार घालून ठेवली. आणि सकाळी हे.

मी दुपारी गेलो. आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवली आणि बॉनेटखाली नाक नेलं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो आणि लगेच उडून जातो. हा वास जड होता, आंबूस, सुताराच्या दुकानात नवं फर्निचर पुसतात तसा. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, "मालक, ह्येला तर वार्निशचा वास मारतोय." त्याचं निदान तिथंच पूर्ण झालं होतं, मला फक्त पुरावा गोळा करायचा होता.

रॉकर कव्हर काढलं. एक नंबरच्या इनलेटचा, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वचा, पुश रॉड रॉकरखालून निसटून बाजूला झुकलेला. तीन नंबरच्या इनलेटचाही तसाच. चार नंबरच्या इनलेटचा रॉड सरळ होता, पण रॉकर बोटानं खडखड हलत होता, कारण खालचा व्हॉल्व अर्धा उघडा राहून तिथंच अडकला होता. एक्झॉस्टचे चारही ठीक. रॉकर शाफ्ट उतरवून आठही रॉड क्रमानं पुठ्ठ्यात खोचले आणि एकेक काचेच्या तावदानावर लोळवला. सरळ रॉड काचेवर गुळगुळीत घरंगळतो, वाकलेला लंगडतो आणि काच आणि रॉडच्या मधून उजेड दिसतो. दोन लंगडले. त्यांच्या मधोमध सहज दोन-तीन मिलिमीटरची फट होती.

आता टाकी. पेट्रोल उपसण्याआधी गाडी ढकलून शेडबाहेर मोकळ्या हवेत आणली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. गॅरेजच्या पिटावर गाडी उभी करून पेट्रोल काढणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जीवघेणा आळस आहे. वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचा अग्निशामक हाताशी, जवळपास चालू मोटार नाही, मोबाईल लांब. हातानं फिरवायच्या पंपानं लोखंडी कॅनमध्ये उपसलं. साडेचौदा लिटरच्या आसपास निघालं. शेवटचा तळाचा भाग मी काचेच्या बरणीत घेतला आणि तासभर हलवला नाही.

बरणीत दोन थर झाले. वरचा कोऱ्या चहाच्या रंगाचा. खालचा गढूळ, पिवळसर, त्यात गंजाचे बारीक कण बसलेले. सगळा तळ मिळून पाऊण लिटरभर निघाला असेल. भाचा म्हणाला, "म्हणजे पाणी शिरलंय, पुराचं." पुराचं नव्हतं, गाडीला पुराचं पाणी लागलंच नव्हतं. खालचा थर सुईनं ओढून पांढऱ्या वाटीत काढला, तर दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा वास आला. पाण्यात मिसळलेलं इथेनॉल होतं ते.

मग दोन स्टीलचे चमचे घेतले. एकात पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल चमचाभर, दुसऱ्यात बरणीतलं वरच्या थराचं, आणि सावलीत ठेवून दिले. ताजं उडून गेलं, चमचा कोरा. दुसऱ्यात मधासारखी पिवळी, चिकट कडी राहिली. ताईंनी त्याला बोट लावलं आणि बोट सोडवताना तार निघाली. मी त्यांना सांगितलं, "ताई, हेच व्हॉल्वच्या दांड्यावर बसलंय."

सहा वर्षांत पेट्रोलचं काय झालं, ते सांगतो. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्या-जड शेकडो घटकांचं ते मिश्रण आहे. थंड इंजिन धरतं ते हलक्या घटकांमुळं, आणि उभ्या गाडीच्या टाकीतून सगळ्यात आधी तेच उडून जातात. उरलेल्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडले जातात, त्यांचे लांब चिकट रेणू होतात आणि त्यातून डिंक तयार होतो. घट्ट झाकणाच्या भांड्यात, सावलीत, पेट्रोल सहा महिने बरं राहतं. गाडीच्या टाकीला हवेची वाट असते, तिथं तीन महिन्यांनंतर त्याच्यावर भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे. पत्र्याच्या शेडखाली सहा उन्हाळे म्हणजे विचारायलाच नको.

त्यात आता इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातच उसाच्या रसापासून आणि मळीपासून ते तयार होतं, गळीत हंगामात टँकर जाताना आपण रोज पाहतो. इथेनॉल स्वतःकडं पाणी ओढतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने हवेतला ओलावा टाकीच्या वाटेनं आत जातो, रात्री पत्र्यावर दव धरतं, आणि इथेनॉल ते गिळत राहतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी मुरवून घेऊ शकतं. त्यापलीकडं गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळण्याचा गुण, त्यानं घसरतो, आणि तळाचा थर टाकीचा पत्रा खायला लागतो.

मग मूळ प्रश्न असा उरतो की गाडी आदल्या दिवशी चालली कशी आणि दुसऱ्या दिवशी अडली का.

नुसतं जुनं पेट्रोल असतं तर गाडी बहुधा धरलीच नसती आणि काही बिघडलंही नसतं. तिला धरायला लावलं ते वरून ओतलेल्या पाच लिटरनं. हलके घटक त्यानं पुरवले. शिवाय आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे, आणि इथेनॉल हे चांगलं विद्रावक आहे. टाकीच्या भिंतींवर सुकून बसलेला डिंक त्यानं सोडवला आणि पुढं पाठवला, असं मला वाटतं. तो कार्ब्युरेटरमधून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून थेट इनलेट व्हॉल्वच्या दांड्यावर गेला. इंजिन तापलेलं असेपर्यंत डिंक पातळ राहतो, व्हॉल्व गाईडमध्ये, म्हणजे त्याच्या दांड्याच्या नळीत, तेल लावल्यासारखा सरकतो, कुणाला काही कळत नाही. इंजिन बंद झालं, रात्री गार पडलं, आणि तोच डिंक घट्ट झाला. सकाळी किल्ली फिरवली. कॅमनं रॉड वर ढकलला, व्हॉल्व हलायला तयार नाही, कॅम थांबायला तयार नाही. मधला रॉड वाकला. चार नंबरचा व्हॉल्व उघड्या अवस्थेतच चिकटला होता म्हणून त्याचा रॉड वाचला. एक्झॉस्टचे चारही वाचले, कारण त्यांच्या वाटेनं कच्चं पेट्रोल जात नाही, जळलेला वायू जातो.

हे मी इतकं सविस्तर लिहितोय त्याचं कारण आहे. गाडी पहिल्या दिवशी चालली म्हणजे पेट्रोल चालून गेलं, असं शंभरातले नव्वद जण मानतात. त्या संध्याकाळी कुणी मला बोलावलं असतं आणि इंजिन गरम असतानाच जुनं पेट्रोल काढून ताज्यावर अर्धा तास चालवलं असतं, तर कदाचित हेड उतरवावं लागलं नसतं. खात्रीनं सांगत नाही, पण दांडे धुऊन निघण्याची ती एकच संधी होती.

गाडी टो करून उद्यमनगरात आणली आणि हेड उतरवलं. इनलेटचे दांडे तपकिरी, काचेसारखे चमकदार, नखानं ओरखडा उठत नव्हता. तीन व्हॉल्व हातानं निघाले नाहीत. गाईडवर थिनर सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा सोडलं, मग लाकडी दांड्यानं हलके ठोके आणि पिळ, ठोके आणि पिळ, असं करत दुपारी सुटले. इथं घाई करून लोखंडी हातोडा चालवला की व्हॉल्वचं टोक पसरतं आणि ते टोक गाईडमधून ओढताना गाईडही जातं. दांडे पितळी ब्रशनं साफ केले, गाईड स्वच्छ केले, आठही व्हॉल्व सीटवर घासून बसवले. पुश रॉड शोधायला दोन दिवस गेले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या गाडीचं कुठलंही सामान निरोप पाठवला की येत असे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस त्यातली शेवटचीही रस्त्यावरून गेली, तेव्हापासून जो तो आपला जुना साठा धरून बसला आहे. शेवटी आमच्याच गल्लीत एका भंगारातल्या इंजिनाचे सरळ रॉड मिळाले. तेही आधी काचेवर लोळवले.

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा फ्लोटच्या वाटीत हिरवट-तपकिरी साय धरली होती आणि आयडल जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीचं, भोक पूर्ण बुजलं होतं. जेटमध्ये तार घालू नका, हे पोरांना मी रोज सांगतो. पितळ मऊ असतं, भोक शतांश मिलिमीटरनं जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजत ठेवायचं आणि हवेच्या झोतानं उलट बाजूनं फुंकायचं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फुगून लोळा झाला होता. या पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल सरळ इंजिनात उतरतं, म्हणून भाच्यानं आठवड्यापूर्वी बदललेलं ऑईलही काढलं. ऑईल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास होताच. रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या. जुन्या नळीचा एक तुकडा मी दोन बोटांत वाकवला तर आतून काळी पूड पडली.

टाकीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घातला. टॉर्चनं आत पाहिलं तर तळाशी नारिंगी गंज आणि वरच्या भिंतीवर वार्निशाचा थर. डिंक आधी थिनरनं काढला, कारण गंजावर डिंक असेल तर आम्ल पोचतच नाही. मग गंज. जुन्या गाड्यांवर काम करणारे बरेच जण मळीचं पाणी वापरतात, एका भागाला नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. आमच्या जिल्ह्यात मळीचा तोटा नाही आणि पत्र्याला ती अजिबात दुखवत नाही. पण ताईंना दिवाळीच्या आत गाडी हवी होती, म्हणून मी लिंबूसत्व घेतलं. टाकी काठोकाठ कोमट पाण्यानं भरून त्यात दोन किलो, आत मूठभर नट, आणि दर दोन-तीन तासांनी टाकी हलवायची. दुसऱ्या दिवशी पाणी काळपट हिरवं निघालं आणि पत्रा राखाडी. लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळली, ब्लोअरच्या थंड हवेनं कोरडी केली आणि क्षणही न दवडता थोडं ऑईल मिसळलेलं ताजं पेट्रोल फिरवलं, नाहीतर ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा लाल होतो. आतून लेप लावायचा आग्रह भाच्यानं धरला होता. मी नको म्हटलं. इथेनॉलमध्ये सुटलेल्या लेपाचे पापुद्रे मी फिल्टरमधून काढले आहेत, आणि या टाकीचा पत्रा अजून जाड होता.

काढलेल्या पेट्रोलचं काय करायचं हा प्रश्न भाच्यानं स्वतःहून विचारला, याचं मला बरं वाटलं. गटारात ओतलं तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. चुलीवर, शेकोटीवर टाकणारे भाजून घेतात. दुचाकीत घालून संपवावं म्हणाल तर तोच डिंक तिच्या व्हॉल्ववर बसतो. आम्ही कॅनवर खडूनं ठळक लिहून ठेवलं आणि वापरलेलं ऑईल नेणाऱ्या परवानाधारकाकडं दिलं.

गाडी पुन्हा जोडली, टॅपेट लावले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्वमधली फट बेतली, आधी प्लग काढून हातानं इंजिन फिरवलं आणि आठही रॉकर डोळ्यांनी पाहिले. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरला सव्वाशे पीएसआयच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. व्हिडिओत हरवलेला ठेका परत आला होता.

मग ताई आणि भाच्याला घेऊन पन्हाळ्याचा रस्ता धरला, शिवाजी पुलावरून, केर्लीवरून. वाघबीळच्या पुढच्या चढाला गाडीनं दुसऱ्या गिअरवर थोडी कुरकुर केली. वर पोचल्यावर प्लग काढून पाहिले, तोंडं पांढरी पडली होती, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडत होतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा, त्यामुळं जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं बसवलेला जेट आता पुरत नाही. खाली आल्यावर मेन जेट एक नंबर मोठा बसवला. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर गाडी तक्रार न करता गेली आणि प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले.

ताईंशी ठरलंय ते असं. पंधरा दिवसांतून एकदा गाडी किमान वीस किलोमीटर चालवायची, जागेवर चालू करून बंद करायची नाही. टाकीत दोन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल. पावसाळ्यात किंवा कुणी परगावी जाणार असेल आणि गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरची वाटी कोरडी करून ठेवायची. टाकी भरून ठेवावी म्हणजे दव धरत नाही, असंही सांगणारे आहेत, आणि पूर्वीच्या पेट्रोलला ते बरोबर होतं. आजच्या पेट्रोलला मी रिकामी, आतून तेलाचा हात फिरवलेली टाकीच पसंत करतो.

तीनशे किलोमीटरनंतर फिल्टर उघडला. तळाशी गंजाचे पाच-सहा कण होते, डिंक नव्हता. तीन नंबरच्या इनलेटला गार इंजिनावर अजून बारीक टकटक आहे, मिनिटभरात जाते. गाईड थोडा झिजलेला असावा. पुढच्या हजार किलोमीटरला पुन्हा कव्हर उघडायचं आहे, आणि ती तारीख ताईंनी वडिलांच्या वहीत, पेट्रोलच्या नव्या नोंदीखाली लिहून ठेवली आहे.